ऑक्टाव्हिया आरएस २३०: टर्बो इंजिनच्या ऑइलची निवड, कामाच्या नोंदी

गाडी: स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, २०१७ सालची. इंजिन २.० टीएसआय, ईए८८८ तिसरी पिढी, आयएस२० टर्बो, ६ गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). मूळ ताकद २३० पीएस आणि ३५० न्यूटन-मीटर. आता स्टेज १ सॉफ्टवेअर आहे, म्हणजे ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवलेली, बाकी सगळे कंपनीचे. वापर पुण्यातला रोजचा, अधूनमधून घाट, आणि कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर एखादा दिवस.

८ डिसेंबर २०२४

आधी मॅन्युअल. या इंजिनाला फोक्सवॅगन ५०२ ०० किंवा ५०४ ०० मान्यतेचे ऑइल चालते. फिल्टरसकट मात्रा ५.७ लिटर. बदलण्याचा काळ १५,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. हा काळ मूळ ताकदीच्या आणि सर्वसाधारण वापरातल्या गाडीसाठी आहे. स्टेज १ आणि पेठांमधली रोजची रहदारी त्यात धरलेली नाही.

गेल्या वेळच्या पावतीवर फक्त ‘सिंथेटिक ५डब्ल्यू-४०’ एवढेच लिहिले आहे. यावरून काहीच ठरवता येत नाही. ‘सिंथेटिक’ हा शब्द गुणवत्तेचे माप नाही आणि ५डब्ल्यू-४० हा फक्त पातळ-घट्टपणाचा पट्टा आहे. त्या पट्ट्यात उत्तम ऑइलही येते आणि या इंजिनाला न चालणारेही.

१५ डिसेंबर २०२४

आज फक्त डब्यांच्या मागच्या बाजू वाचायच्या ठरवल्या. क्रम असा ठेवला: आधी मान्यता, मग एचटीएचएस, मग ग्रेड, आणि सगळ्यात शेवटी ब्रँड. बाजारात नेमके उलटे चालते.

मान्यतेची भाषा नीट पाहावी लागते. ‘व्हीडब्ल्यू ५०२ ०० अप्रूव्हल’ असे लिहिले असेल तर त्या ऑइलची चाचणी झाली आहे आणि गाडी कंपनीने ते स्वीकारले आहे. ‘मीट्स’, ‘सुटेबल फॉर’, ‘रेकमेंडेड फॉर’ हे ऑइल विकणाऱ्याचे स्वतःचे म्हणणे असते. ते खोटेच असते असे नाही, पण त्याची जबाबदारी गाडी कंपनीने घेतलेली नसते.

एचटीएचएस म्हणजे १५० अंश सेल्सिअसला, प्रचंड कातर बलाखाली मोजलेली चिकटता. क्रँकच्या बेअरिंगमध्ये आणि टर्बोच्या शाफ्टवर ऑइलचा पापुद्रा किती टिकेल ते हा आकडा सांगतो. टर्बो गाडीसाठी ४० अंश किंवा १०० अंशाच्या चिकटतेपेक्षा हाच आकडा जास्त कामाचा.

एसएई जे३०० या ग्रेड ठरवणाऱ्या मानकाप्रमाणे ३० ग्रेडला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद पुरते. ०डब्ल्यू, ५डब्ल्यू आणि १०डब्ल्यू-४० ला किमान ३.५ लागते. मात्र फोक्सवॅगनच्या ५०२ ०० आणि ५०४ ०० या दोन्ही मान्यतांना ग्रेड कोणताही असो, किमान ३.५ लागते. म्हणजे ५०४ ०० चे ५डब्ल्यू-३० हे ३० ग्रेडमधले जाड ऑइल आहे. ‘३० म्हणजे पातळ, टर्बोला घातक’ ही ठाम समजूत या मान्यतेच्या ऑइलला लागू होत नाही. जपानी किंवा अमेरिकी गाड्यांसाठी बनलेले साधे ५डब्ल्यू-३० मात्र २.९ ते ३.५ च्या मधले असू शकते. डब्यावर ग्रेड तोच, आत माल वेगळा.

५०८ ०० चे ०डब्ल्यू-२० या गाडीत चालत नाही. त्याचा एचटीएचएस किमान २.६ आहे आणि ते त्यासाठीच आखलेल्या इंजिनांकरता आहे. नव्या गाड्यांचे ऑइल म्हणून काउंटरवर ते पुढे केले जाते, नाही म्हणायचे.

५०२ ०० आणि ५०४ ०० मध्ये दुसरा फरक राखेचा. ५०४ ०० कमी राखेचे आहे, एक्झॉस्टमधला कण-फिल्टर तुंबू नये म्हणून. या २०१७ च्या बीएस४ गाडीत तो फिल्टर नाही, त्यामुळे दोन्ही मोकळे. पूर्वी कमी राखेच्या ऑइलबद्दल आक्षेप असे, कारण त्याची आम्ल मारण्याची क्षमता, म्हणजे टीबीएन, कमी असते आणि आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये गंधक जास्त असे. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस६ पेट्रोल आहे, गंधकाची मर्यादा १० पीपीएम. तो आक्षेप आता बराच गळून पडला.

२१ डिसेंबर २०२४

जुने ऑइल काढले, नमुना घेतला, ५०४ ०० मान्यतेचे ५डब्ल्यू-३० भरले. तुलनेसाठी हाच पाया.

काम असे:

गाडी १५–२० मिनिटे चालवून ऑइल ७० अंशांच्या आसपास आणले. थंड ऑइलसोबत गाळ खाली येत नाही आणि शंभरी गाठलेले ऑइल हात भाजते.

या इंजिनाचा फिल्टर वरच्या बाजूला आहे. आधी त्याची टोपी ३२ मिमी सॉकेटने सैल करून फिल्टर थोडा वर उचलायचा आणि काही मिनिटे थांबायचे. त्यामुळे हाउसिंगमधले ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरते. हे न करता थेट फिल्टर उपसला की ऑइल इंजिनावर ओघळते, खालच्या रबरी पाइपांवर बसते, आणि पुढे महिनाभर ‘लीकेज आहे का’ याचा शोध चालतो.

मग खालचे कव्हर काढून ड्रेन उघडला. या इंजिनाला दोन प्रकारची चेंबर येतात. पत्र्याच्या चेंबरला एम१४ चा बोल्ट असतो, ३० न्यूटन-मीटरवर आवळायचा, वॉशरसकट दर वेळी नवा. प्लॅस्टिकच्या चेंबरला वळवून बसणारा प्लॅस्टिकचा प्लग असतो. तोही दर वेळी नवा, आणि त्याला पान्याने जोर लावायचा नाही. सुटे भाग मागवण्याआधी खाली वाकून कोणते चेंबर आहे ते पाहावे.

नमुना धारेच्या मध्यातून घेतला. सुरुवातीच्या धारेत तळाचा गाळ येतो, शेवटच्या धारेत भांड्याच्या कडेची घाण. कोरडी, न वापरलेली १०० मिलीची बाटली. पेट्रोलची धुतलेली बाटली चालत नाही, तिच्यामुळे पेट्रोलचा आकडा खोटा वाढतो. बाटलीवर तारीख, ऑइलवर झालेले किलोमीटर आणि मधे किती टॉप-अप केले ते लिहिले.

फिल्टरची ओ-रिंग नवी, तिला बोटाने नवे ऑइल लावले, टोपी २५ न्यूटन-मीटर.

भरताना आधी ५.२ लिटर. इंजिन सुरू करून दोन मिनिटे, बंद करून पाच मिनिटे, मग डीपस्टिक. उरलेले थोडे थोडे. ५.७ एकदम ओतले आणि जुने ऑइल पूर्ण निथळलेले नसले तर पातळी वर जाते. जास्तीचे ऑइल क्रँक घुसळतो, फेस होतो, आणि वाफ पीसीव्हीमार्गे (क्रँककेसची वाफ बाहेर काढणारा मार्ग) इनटेकमध्ये जाते.

११ जानेवारी २०२५

जुन्या ऑइलचा रिपोर्ट आला. लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम यांत काळजीचे काही नाही. सिलिकॉन कमी, म्हणजे एअर फिल्टर नीट बसलेला आहे. पण १०० अंशाची चिकटता ४० ग्रेडच्या खालच्या हद्दीच्याही खाली गेली होती, म्हणजे १२.५ सेंटिस्टोकच्या (हे चिकटतेचे एकक) आत. पेट्रोलचा अंशही मिळाला.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. इंजिन थंड असताना मिश्रण दाट असते, थोडे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवर बसते आणि रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरते. चार-पाच टक्के पेट्रोल मिसळले की ऑइल साधारण एक ग्रेड खाली येते. वर, गरम ऑइल फार पातळ होऊ नये म्हणून त्यात घातलेले पॉलिमरही कातरले जातात. डब्यावर ४० लिहिलेले ऑइल काही हजार किलोमीटरनंतर ३० सारखे वागते ते यामुळे.

प्रयोगशाळेला सांगताना पेट्रोलचे प्रमाण गॅस क्रोमॅटोग्राफीने काढून मागावे. फ्लॅश पॉइंटवरून केलेला अंदाज ढोबळ असतो. टीबीएनसोबत टॅनही, म्हणजे ऑइलमध्ये साचलेल्या आम्लाचा आकडा, मागावा. दोन्ही आकडे एकत्र पाहिले तरच ऑइलचे आयुष्य किती उरले ते कळते.

१२ जानेवारी २०२५

छोटी नोंद, ‘डब्ल्यू’ पुढच्या आकड्यावरून वाद नको म्हणून. ५डब्ल्यूची थंड चाचणी उणे ३० अंशाला होते, ०डब्ल्यूची उणे ३५ ला. पुण्यातल्या कडाक्याच्या पहाटेला या दोनांत इंजिनाला फरक कळणार नाही. ५डब्ल्यू पक्के.

२ मार्च २०२५

एलएसपीआय. कमी आरपीएमवर, जास्त लोडवर, स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटणे. साधारण १,५०० ते २,५०० आरपीएममध्ये वरच्या गिअरला पॅडल तळाशी दाबले की धोका. ऑइल आणि पेट्रोलचा थेंब किंवा पिस्टनवरच्या साक्याचा कण हे निमित्त ठरते, आणि दाब इतका उसळतो की पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटू शकते. नेहमीच्या नॉकिंगला ईसीयू टायमिंग मागे घेऊन सावरतो; इथे स्पार्क अजून पडलेलाच नसतो, त्यामुळे टायमिंगने काही सावरत नाही.

ऑइलचा इथे थेट संबंध आहे. कॅल्शियमवर आधारलेले डिटर्जंट जास्त असले तर अशा घटना वाढतात. मॅग्नेशियमचे डिटर्जंट त्या मानाने निरुपद्रवी. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेने २०१८ मध्ये एसएन प्लस आणि मे २०२० पासून एसपी या ऑइलच्या श्रेणी आणल्या, त्यात एलएसपीआयची चाचणी आहे.

म्हणून आमची अट ठरली: डब्यावर फोक्सवॅगनची मान्यता हवी आणि एपीआय एसपीही हवे. जुन्या घडणीचे ५०२ ०० चे ऑइल, जास्त कॅल्शियमचे आणि फक्त एसएन किंवा एसएम या जुन्या श्रेणी लिहिलेले, स्टेज १ गाडीत नको. स्टेज १ सॉफ्टवेअर खालच्या आरपीएमवरचा टॉर्कच वाढवते, म्हणजे नेमक्या धोक्याच्या पट्ट्यात. सॉफ्टवेअर करणाऱ्याकडून २,००० आरपीएमखालचा टॉर्क मर्यादित करून घेतला. ऑइल निवडण्याइतकेच हे महत्त्वाचे काम.

२० एप्रिल २०२५

उन्हाळ्याची मोजणी. गाडीच्या डिस्प्लेवर ऑइलचे तापमान ५० अंशांपासून पुढे दिसते, ८० ते ११० ही नेहमीची कार्यमर्यादा. एक्स्प्रेस-वेवर एका वेगात ऑइल शंभरीच्या आसपास राहते. वाईहून पाचगणीकडे पसरणी घाट जोरात चढताना ते ११५ च्या पुढे गेले. वळणे जवळजवळ, वेग कमी, रेडिएटरवर वारा कमी आणि टर्बोवर लोड पूर्ण. सपाट रस्त्यावरच्या वेगापेक्षा असा घाट ऑइलला जास्त तापवतो.

इथे गणित मांडले. साधारण ५०४ ०० चे ५डब्ल्यू-३० धरू: १०० अंशाला १२ सेंटिस्टोक. ११० ला ते सुमारे ९.८ होते, १२० ला ८.१. साधारण ५डब्ल्यू-४० धरू: १०० ला १४, तर १२० ला सुमारे ९.४.

म्हणजे १२० अंशाचे ४० हे ११० अंशाच्या ३० पेक्षा पातळ आहे. ग्रेड वाढवून जे मिळते तेवढे, किंवा त्याहून थोडे जास्त, ऑइल दहा अंश थंड ठेवून मिळते. ही या प्रकल्पातली सगळ्यात उपयोगी ओळ आहे. डबा बदलण्याआधी गाडीचे कूलिंग पाहायला हवे.

म्हणून पुढचा आठवडा रेडिएटर आणि इंटरकूलर यांच्यामध्ये साचलेली धूळ, पानांचा चुरा आणि किडे काढण्यात गेला. समोरून पाणी मारून ते निघत नाहीत. पुढचा बंपर सैल करून, मागून पुढे, कमी दाबाने मारावे लागते. दाब जास्त झाला की पाती दुमडतात. या इंजिनात ऑइल कूलर कूलंटवर चालतो, म्हणून कूलंट थंड तर ऑइल थंड. कूलंट ठरलेल्या प्रकारचाच घातला. नुसत्या पाण्याने टॉप-अप झालेला आधी पूर्ण काढला.

४ मे २०२५

उन्हाळ्यात १५डब्ल्यू-५० घाला, असा सल्ला अनेक जण मनापासून देतात. नाकारला. कारण नोंदवून ठेवतो.

५० ग्रेड १०० अंशाला १६.३ सेंटिस्टोकच्या वर असतो. पापुद्रा जाड होईल हे खरे. पण या इंजिनाचा ऑइल पंप दोन टप्प्यांत दाब बदलतो, पिस्टन थंड करणारे जेट ईसीयूच्या हुकुमाने सुरू-बंद होतात, कॅम फेजर आणि चेन टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतात. हे सगळे ठरावीक चिकटता धरून बसवलेले आहे. ऑइल जाड झाले की दाब वाढलेला दिसतो, पण प्रवाह वाढतोच असे नाही, आणि बेअरिंगमधून उष्णता वाहून नेतो तो प्रवाह. शिवाय जाड ऑइल घुसळताना स्वतःच जास्त तापते. जुन्या, पूर्ण रेस इंजिनात, जिथे बेअरिंगच्या फटी मोठ्या ठेवलेल्या असतात, तिथे ५० योग्य; इथे नाही.

मोतुल ३००व्ही सारख्या रेसच्या ऑइलचाही विचार झाला. ते एस्टरवर आधारलेले, ट्रॅकसाठी उत्तम ऑइल आहे. पण ते फोक्सवॅगनच्या मान्यतेसाठी बनलेले नाही, आणि रेसचे ऑइल लांब काळ चेंबरमध्ये ठेवण्यासाठी नसते. रोजच्या गाडीला वर्षभर ते ठेवणे म्हणजे त्या ऑइलवरही अन्याय. फक्त ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीत, दर एक-दोन ट्रॅक दिवसांनंतर बदलणार असाल, तर जरूर.

८ जून २०२५

निर्णय: ५डब्ल्यू-४०, फोक्सवॅगन ५०२ ०० मान्यता, एपीआय एसपी. कारण एकच, पेट्रोल मिसळल्यावरही खाली उतरायला जागा राहते. मूळ सॉफ्टवेअरची, हायवेवर जास्त धावणारी हीच गाडी असती तर ५०४ ०० चे ५डब्ल्यू-३० ठेवले असते, एका शब्दानेही कुरकुर न करता.

खरेदी अधिकृत वितरकाकडून, बिलासह. पाच लिटरचा एक आणि एक लिटरचा एक डबा, दोन्हींचा बॅच नंबर लिहून घेतला. झाकणाची कडी अखंड आहे ना, सीलखालचा फॉइल नीट चिकटलेला आहे ना, डब्यावरचा आणि झाकणावरचा छापील कोड जुळतो का, क्यूआर कोड कंपनीच्याच पानावर जातो का, हे पाहिले. नकली ऑइलमध्ये बहुधा साधे बेस ऑइल आणि रंग असतो. टर्बोच्या गरम बेअरिंगवर ते जळून कोळसा होते आणि ऑइलची बारीक नळी बुजते. खूप स्वस्त मिळतेय म्हणून घेतलेला डबा टर्बोच्या किमतीला पडू शकतो. रिकामे डबे भंगारात देताना आम्ही भोक पाडून देतो, म्हणजे ते पुन्हा भरले जात नाहीत.

१५ जून २०२५

ऑइल बदलले, पद्धत डिसेंबरचीच. फ्लशिंग केले नाही. इंजिन आतून स्वच्छ असताना फ्लशचे उरलेले द्रव नव्या ऑइलमध्ये मिसळून त्याला पातळच करते.

कोणतेही जादा ॲडिटिव्ह घातले नाही. मान्यता मिळालेले ऑइल हे तोलून बनवलेले मिश्रण असते. त्यात वरून मॉलिब्डेनम किंवा जस्त ओतले की तो तोल बिघडतो आणि मान्यतेला अर्थ उरत नाही.

३ ऑगस्ट २०२५

पावसाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ थर. हेड गॅस्केट गेल्याची शंका लगेच येते, पण कूलंटची पातळी जागच्या जागी आहे आणि डीपस्टिकवर ऑइल स्वच्छ आहे. मग कारण बाष्प: छोट्या फेऱ्या, दमट हवा, इंजिन पूर्ण तापायच्या आत बंद. आता पंपावर ई२० पेट्रोल आहे. इथेनॉल ७८ अंशाला उकळते, पाणी १०० ला, आणि ऑइल त्या तापमानाला काही वेळ राहिले नाही तर दोन्ही आतच राहतात.

उपाय: आठवड्यातून एकदा सलग अर्धा-पाऊण तास चालवणे, ऑइल ९५ च्या वर राहील असे. कूलंट ९० झाला म्हणजे ऑइल तापले असे नाही, ते मागून येते. ऑइल ८० ला पोहोचेपर्यंत ३,००० आरपीएमच्या आत आणि टर्बोवर जोर नाही, हा नियम गाडीच्या सगळ्या चालकांना लागू.

२६ ऑक्टोबर २०२५

कारी ट्रॅकआधीची तयारी. पातळी डीपस्टिकच्या वरच्या खुणेच्या किंचित खाली. लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकते. पातळी खाली असेल तर पंपाच्या तोंडाशी हवा येऊ शकते आणि बेअरिंग कोरडे पडते. वरच्या खुणेपलीकडे मात्र नाही.

ट्रॅकवरचा नियम: ऑइल १२५ ला पोहोचले की एक फेरी हळू. १३० दिसले तर पिटमध्ये. बाहेर येताना शेवटची फेरी पूर्ण थंड करणारी, बूस्टविना (टर्बोचा दाब न चढवता). बंद केल्यावर या गाडीचा विजेवरचा कूलंट पंप काही वेळ चालू राहतो आणि टर्बोतून कूलंट फिरवतो, पण फिरत नसलेले ऑइल टर्बोच्या गरम बेअरिंगमध्ये तसेच अडकून राहते. त्याचा कोळसा होऊ नये म्हणून आधी टर्बोच थंड करायचा. घाट चढून वर चहाला थांबताना हाच नियम: शेवटचे एक-दोन किलोमीटर शांत.

वेगळा ऑइल कूलर बसवायचा का? वर्षात एखाद्या ट्रॅक दिवसासाठी नाही. बसवलाच तर थर्मोस्टॅट असलेलाच. नाहीतर पुण्याच्या हिवाळ्यात ऑइल कधी तापणारच नाही आणि पेट्रोलचा प्रश्न दुप्पट होईल.

१६ नोव्हेंबर २०२५

ट्रॅकनंतरच्या नमुन्याचा रिपोर्ट. चिकटता ४० ग्रेडच्या हद्दीत टिकली, खालच्या टोकाजवळ. झीज दाखवणारे धातू डिसेंबरच्या पातळीतच. टीबीएन पुरेसा उरलेला, टॅन त्याच्या खाली.

यावरून काळ ठरवला: ७,५०० किमी किंवा सहा महिने, आणि ट्रॅक दिवस झाला तर त्यानंतर लगेच, किलोमीटर कितीही झाले असले तरी. १५,००० चालले असते का? टीबीएनच्या दृष्टीने कदाचित; चिकटतेच्या दृष्टीने नाही. या गाडीत ऑइल आम्लामुळे नव्हे, पेट्रोलमुळे संपते, म्हणून बदलण्याची वेळही चिकटताच ठरवणार.

ऑइल खाण्याचे प्रमाण: मॅन्युअलप्रमाणे १,००० किमीला अर्ध्या लिटरपर्यंत चालते. आपल्या गाडीचे त्याहून बरेच कमी. उलट डीपस्टिकवर पातळी न उतरता वर चढली तर सावध व्हायचे, कारण ते ऑइल नसून पेट्रोल असते. दर दोन आठवड्यांनी सकाळी, थंड इंजिनावर, सपाट जमिनीवर पाहून वहीत लिहायचे.

पुढचा नमुना पुढच्या बदलाला. डिकीत त्याच बॅचचा एक लिटरचा डबा, फनेल आणि पुसायला फडके ठेवले आहे.